रंगाची राखण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझ्याकडे १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. रंग फिकट निळा. मी ती १९९८ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. आता चाळिशीला टेकली आहे. कवितेवर कुणाची गाडी चालत नाही. नोकरीच्या पगारातून दरमहा थोडे थोडे फेडून मी ती घेतली. पंधरा वर्षे उलटल्यावर तिची फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला. आजही रविवारी सकाळी ती रत्नागिरीच्या रस्त्यावर निघते, तेव्हा रिक्षावाले हात करतात.

मागच्या उन्हाळ्यात माझा मुलगा मला गाड्या चमकवून देणाऱ्या एका दुकानात घेऊन गेला. काचेचे दालन, पांढरेशुभ्र दिवे, हातमोजे घातलेली पोरे. तिथल्या तरुणाने पद्मिनीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून बोट फिरवले आणि अदबीने म्हणाला, "काका, हा रंग संपलाय. सगळा खरवडून काढू, नवा मारू, वरून सिरॅमिक कोटिंग करू. मग पाच वर्षं बघायला नको!" आकडा त्याने कागदावर लिहून दिला. गाडी घेताना मी जेवढे पैसे मोजले होते, त्यापेक्षा तो मोठा होता.

मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि घरी येऊन मामूंकडे गेलो. मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. वय वर्षे ८२. उभी हयात त्यांनी मुंबईत कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारला. आता रत्नागिरीला असतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले, थोडा वेळ खोकले आणि म्हणाले, "पत्र्यावर रंग कशासाठी मारतात, ते आधी ठरव. मग पैसे काढ."

प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता मात्र मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे गेलो. आज तेच सांगणार आहे.

मोटारीच्या आधी घोडागाडी होती. तिचा सांगाडा लाकडाचा. लाकूड पावसाने कुजू नये, उन्हाने तडकू नये म्हणून त्यावर तेलाचा रंग आणि वर रोगण लावत. रोगण हा आपल्याकडे फारसीतून आलेला शब्द; मूळ अर्थ तेल. ब्रशने एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचा, पुन्हा दुसरा हात द्यायचा. असे कितीतरी थर. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. पहिल्या मोटारीही याच पद्धतीने रंगल्या. त्या काळी रंग हा राखणदार होता. त्याचे काम आतल्या लाकडाला आणि लोखंडाला जपण्याचे. चमक ही त्या कामाची बक्षिसी.

पुढे १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली. ज्या सांगाड्याला पूर्वी साडेबारा तास लागत, तो दीड तासात उभा राहू लागला. आता दीड तासात जुळणाऱ्या गाडीने रंग वाळण्यासाठी महिनाभर थांबायचे म्हणजे वरात दारात आणि नवरी न्हाणीत! फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात निघाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधी ती हिरवी, लाल, करडीही मिळत असे. काळे रोगण डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून बनत असे. ते भट्टीत भाजता येई, स्वस्त पडे आणि टिके. गिऱ्हाइकाच्या आवडीशी त्या काळ्या रंगाचा काही संबंध नव्हता. कारखान्याला ती घाई परवडत होती, इतकेच.

ही कोंडी फुटली ती बंदुकीच्या दारूतून. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोज प्रचंड प्रमाणात बनवले होते. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून होणारे हे द्रव्य. त्यातूनच धूररहित दारू होई आणि त्यातूनच सिनेमाची फिल्मही. युद्ध संपले आणि या द्रव्याचे करायचे काय, असा प्रश्न पडला. फिल्मच्या कारखान्यात १९२० मध्ये रसायनतज्ज्ञांना असे आढळले, की ते दाट असूनही पातळ वाहील असे बनवता येते. म्हणजे त्यात रंगद्रव्य भरपूर घालून बंदुकीसारख्या फवाऱ्याने ते उडवता येईल. १९२३ मध्ये हा रंग 'ड्यूको' या नावाने बाजारात आला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४ च्या हंगामात निळ्या ड्यूकोत सजून आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. काळ्या गाड्यांचे राज्य संपले.

हा ड्यूको आपल्यापासून दूर नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. त्याआधी १९२० मध्येच लोअर परळला गहगन पेंट्स नावाची रंगाची कंपनी निघाली होती. आजची नेरोलॅक ती हीच. कंपन्यांची नावे बदलली, रंगांची रसायने बदलली, पण 'ड्यूको' हा शब्द आपल्या कारागिरांच्या तोंडी राहिला. आजही सुतार कपाटाला फवाऱ्याचा रंग द्यायचा असला की विचारतो, "साधा मारू की ड्यूको?" त्याला ना ड्युपाँट ठाऊक, ना ती दारू.

पण ड्यूकोबरोबर एक नवी गोष्ट आली. हा रंग गनमधून निघाल्यावर मंद दिसे. त्याला घासून, पॉलिश करून चमक आणावी लागे. आणि उन्हात तो लवकर फिका पडे. म्हणजे आता राखणदारालाच राखण हवी झाली. गाडीच्या मालकाच्या हातात फडके आले, मेणाचा डबा आला. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नौबा नावाचा ताड होतो. उन्हाळ्यात आपल्या पानांतले पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेण धरतो. हे मेण ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. झाडाने स्वतःसाठी केलेली ती तजवीज माणसाने उचलली आणि मोटारीला फासली. ते मेण काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. मग पुन्हा लावायचे.

आता माझ्या पद्मिनीकडे येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून ११०० ही गाडी बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव पद्मिनी झाले. मी १९८७ मध्ये बी.ए. करायला मुंबईला आलो आणि मामूंच्या खोलीवर उतरलो. कॉलेज सुटले की त्यांच्या गॅरेजवर जाऊन बसायचो. ते गॅरेज माझी दुसरी शाळा. डेंटर पत्रा ठोकून सरळ करी. मग लांबी भरायची, ती पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची, प्रायमर, पुन्हा घासणे, आणि मग मामू गन हातात घेत. त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी बोलत नसे. खंडेनवमीला मालक कॉम्प्रेसरची आणि गनची पूजा करी आणि पहिला पेढा मामूंच्या हातावर ठेवी. दसऱ्याला गाड्यांना हार पडत, आणि त्यानंतर आठवडाभर बॉनेटवर हळदीचे डाग आणि हाराच्या तारेचे ओरखडे घेऊन गाड्या यायच्या.

तिथे मी एक गोष्ट पाहिली, ती आजवर विसरलो नाही. मामू एका लाल पद्मिनीला रबिंग करत होते. हातातले पांढरे फडके हळूहळू लाल होत गेले. मी म्हटले, "मामू, गाडीचा मळ निघतोय." ते हसले. "मळ नाही रे, रंग निघतोय. चमक लावत नाहीत, चमक काढतात."

त्या काळच्या गाड्यांवर रंगाचा एकच जातीचा थर असे. वर पारदर्शक काही नसे. ऊन त्या रंगातला चिकट अंश खाऊन टाकते आणि रंगद्रव्याची भुकटी वर उरते. बोट फिरवले तर खडूसारखी हाताला लागते. रबिंग म्हणजे हा मेलेला थर खरवडून खालचा ताजा रंग उघडा करायचा. गाडी नवी दिसते, पण तितकी पातळ होते. म्हणजे पॉलिश ही बँकेतली ठेव नाही, उचल आहे. किती वेळा उचलायची, हे मालकाने ठरवायचे. २००१ मध्ये मी हौसेने एका दुकानात मशीनचे पॉलिश करून घेतले, तेव्हा बॉनेटच्या कडेवर रंग संपून खालचा प्रायमर दिसू लागला. कडेवर रंग मुळात पातळ बसतो आणि मशीन तिथेच जास्त दाबले जाते. तो करडा पट्टा अजून आहे. चूक दुकानाची तितकीच माझी. वर्षात तिसऱ्यांदा गाडी तिथे नेली होती मीच.

नव्या गाड्यांचे मात्र वेगळे आहे. १९६० च्या दशकात फोर्डने गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज खेळवण्याची पद्धत आणली. विजेच्या ओढीने रंग कानाकोपऱ्यात, पोकळ पट्ट्यांच्या आतही जाऊन बसतो. १९७६ पासून या पद्धतीची आणखी सुधारलेली, गंजाला जास्त दाद न देणारी तऱ्हा गाड्यांसाठी वापरात आली. पत्रा सडणे कमी झाले ते मुख्यतः या न दिसणाऱ्या थरामुळे. त्याच सुमारास ॲल्युमिनियमची चूर असलेले चमचमते रंग लोकप्रिय झाले. ते उन्हात उघडे टिकत नसत, म्हणून त्यांच्यावर पारदर्शक क्लिअर कोट आला. १९८० च्या दशकात तो पसरला आणि आज बहुतेक सर्व गाड्यांवर असतो. नव्या गाडीला पॉलिश करताना फडक्याला रंग लागत नाही, म्हणून मालकाला वाटते की काही झिजत नाही. झिजतो तो क्लिअर कोट. तो दिसत नाही, एवढेच.

हा क्लिअर कोट किती जाड असतो? साधारण ४० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पत्र्यावरचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षा क्लिअर कोट पातळ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये त्यातच असतात. तो झिजवला की ऊन थेट रंगावर.

मग क्लिअर कोटला जपणारे आले. आधी टेफ्लॉन. हे द्रव्य ड्युपाँटच्याच प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी अचानक सापडले. तव्याला काही चिकटत नाही, मग गाडीलाही चिकटणार नाही, असे गिऱ्हाइकाला सहज पटते. पण तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांहून जास्त उष्णता लागते. ती गाडीच्या रंगाला देता येत नाही. म्हणजे दुकानात फडक्याने पुसलेले ते टेफ्लॉन तव्यावरच्या टेफ्लॉनसारखे बसूच शकत नाही. जी चमक दिसते ती बरोबरच्या मेणाची नि पॉलिशची.

त्यानंतर सिरॅमिक आले. हे मात्र निव्वळ थोतांड नाही. वाळूत जे सिलिका असते त्याच कुळातली ही द्रव्ये क्लिअर कोटला घट्ट धरतात, पाणी थेंब होऊन ओघळते, चिखल कमी चिकटतो, धुणे सोपे होते. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉन. उडालेला खडा ते अडवू शकत नाही. दुकानात '९एच' असे लिहिलेले असते. गिऱ्हाइकाला वाटते हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असेल. प्रत्यक्षात हे माप पेन्सिलचे आहे. निरनिराळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात पृष्ठभागावर ओढून कोणती ओरखडा काढते ते पाहायचे. ९एच ही त्यातली सर्वांत कडक पेन्सिल. पेन्सिल हे माझ्याच धंद्याचे हत्यार, त्यामुळे हे कळल्यावर मी पोटभर हसलो.

खडा खरोखर अडवते ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म वापरली गेली. पुढे ती गाड्यांवर आली. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. ती महाग, आणि काही वर्षांनी पिवळसर पडली की काढावी लागते. आता काही जण त्या फिल्मवरही सिरॅमिक लावून घेतात.

पाहा, कुठून कुठे आलो. लाकूड जपायला रोगण. पत्रा जपायला रंग. रंग जपायला क्लिअर कोट. क्लिअर कोट जपायला सिरॅमिक, नाहीतर फिल्म. फिल्म जपायला पुन्हा सिरॅमिक. पहाऱ्यावर पहारा, त्यावर पहारा. आणि ज्याच्यासाठी पहिला पहारेकरी ठेवला होता, त्या पत्र्याकडे कुणी बघतच नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी नवा माणूस येतो आणि तेच म्हणतो, "आता बघायला नको!"

न बघण्याची किंमत काय असते, ते मी २००४ च्या मे महिन्यात पाहिले. कराडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत अम्मी, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. आदल्याच आठवड्यात पद्मिनीला पॉलिश केले होते. बॉनेटमध्ये ढग दिसत होते. निम्मा घाट उतरल्यावर ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. पुढच्या वळणावर ते थेट खाली टेकले. मी गिअर खाली आणत गेलो, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. उजवीकडे दरी होती. अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातातली तसबीह तेवढी थांबली होती.

चिपळूणच्या मेकॅनिकने ब्रेकचे तेल काढून बशीत ओतले. ते काळपट चहासारखे होते. त्याने विचारले, "भाऊ, हे कधी बदललं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा वर्षांत मी ते एकदाही बदलले नव्हते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकातली उष्णता त्या तेलापर्यंत पोहोचते, ते उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही. पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. खर्च एका पॉलिशपेक्षा कमी. पण ते बदलल्यावर गाडी जराही वेगळी दिसत नाही, म्हणून मला कधी आठवले नाही.

त्या दिवसापासून गाडीच्या देखभालीची माझी यादी उलटी झाली. जे दिसत नाही ते आधी. ब्रेकचे तेल, इंजिनचे ऑइल, कूलंट, टायर, रबरी नळ्या. कोणत्या गाडीला काय, किती किलोमीटरला आणि किती महिन्यांनी, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पूर्वीच्या गाड्यांना ठिकठिकाणी ग्रीसची पिचकारी मारावी लागे, ऑइल काही हजार किलोमीटरला बदलावे लागे. आजच्या पुष्कळ गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष पुरते. काम कमी झाले, पण सर्व्हिसिंगचे बिल लांबले, कारण मोकळ्या झालेल्या जागेत निरनिराळी कोटिंगे, ड्रेसिंगे आणि फ्लशिंगे येऊन बसली. त्यांतली काही उपयोगी असतील. पण पुस्तिकेत आहे ती गरज आणि पुस्तिकेत नाही ती देऊ केलेली वस्तू, एवढा फरक सही करण्याआधी करावा. हमीच्या काळात अधिकृत केंद्रात जावे. पुढे ओळखीचा, काम समोर उभे राहून पाहू देणारा मेकॅनिक मिळाला तर तोही उत्तम. काढलेला जुना भाग दाखवतो तो मेकॅनिक धरून ठेवावा.

आमच्या कोकणात दुसरा शत्रू खारी हवा. मिठाने गंज झपाट्याने वाढतो. आणि गंज वरून क्वचित येतो. तो आतून येतो. दारांच्या खालच्या कडेला छोटी भोके असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेले पावसाचे पाणी त्यातून बाहेर पडते. जांभ्याची तांबडी माती आणि झाडांचा पाला साचून ती बुजली, की पाणी दारात तुंबते आणि पत्रा आतून सडतो. वर सिरॅमिक असो की सोन्याचा मुलामा. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत चाळण झालेली असते. मामू दर मे महिन्यात एक काडी घेऊन ही भोके साफ करत. खर्च शून्य.

पूर्वी पावसाळ्याआधी गाडीखाली जुने ऑइल आणि डिझेल फवारून घेण्याची पद्धत होती. त्याने पत्र्याला ओल कमी लागे हे खरे, पण रबराचे भाग फुगून खराब होत आणि धूळ चिकटे. आता त्याऐवजी डांबरी किंवा रबरी लेप देतात. तो चांगला, पण खालचा पत्रा नीट धुऊन, वाळवून, गंज काढून दिला तर. ओल्या मातीवर किंवा गंजावर लेप चढवला तर ओल आत कोंडली जाते. मग गंजाला घरच बांधून दिल्यासारखे होते.

रंगाचे म्हणाल, तर त्याचे सर्वांत जास्त नुकसान आपल्या रोजच्या प्रेमातून होते. मुंबईच्या सोसायट्यांत एक माणूस पहाटे एकच बादली आणि एकच फडके घेऊन वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर घासली जाते. उन्हात पाहिलेत तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते यातून येतात. दोष त्या माणसाचा नाही, आपल्या अपेक्षेचा आहे. कोरडी धूळ कधी पुसू नये. आधी पाण्याने वाहू द्यावी. साबणाच्या पाण्याची एक आणि फडके खळबळण्याची दुसरी, अशा दोन बादल्या घ्याव्यात. गाडी सावलीत धुवावी. फडके मऊ मायक्रोफायबरचे असावे. पक्ष्यांची विष्ठा आणि मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली पडणारा तुडतुड्यांचा चिकटा त्याच दिवशी भिजवून काढावा. एवढे केले तर साधे मेणही पुरते. एवढे न केले तर पाच वर्षांच्या हमीचा कागद कपाटात राहतो.

एक गोष्ट राहिली. १९९० च्या दशकात मामूंच्या गॅरेजमध्ये हार्डनर घालून मारायचे दोन डब्यांचे रंग आले. काचेसारखी चमक, दणकट काम. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने रंगाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकाने पक्के नोंदवलेले आहे. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मामूंकडे हातरुमाल होता. आज ते दोन जिने चढू शकत नाहीत. रात्री उशाशी पंप लागतो. मुंबईत त्यांनी रंगवलेल्या टॅक्सी पावसात उभ्या असायच्या, त्यांतली एकही आता उरलेली नाही; शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. चमक गेली, तिची किंमत मात्र एका माणसाच्या छातीत अजून वाजते आहे. म्हणून गाडी रंगवायला द्याल तेव्हा रंगाऱ्याच्या तोंडावर काय आहे, तेही पाहा. बंद खोली आणि योग्य मुखवटा असलेले दुकान दोन पैसे जास्त घेत असेल तर ते द्या.

मी त्या काचेच्या दालनातल्या तरुणाला नकार दिला. त्याचा अपमान न करता दिला. तो त्याच्या कामात हुशार होता. मुलाच्या नव्या गाडीला त्याच्याकडून सिरॅमिक करून घेतले, कारण ती रोज महामार्गावर धावते आणि धुणे सोपे होते. पद्मिनीचा रंग ठेवला. एका दाराला आतून सडका पत्रा होता, तेवढा कापून नवा जोडला आणि तेवढेच दार रंगवले. निळा थोडा जुळला नाही. जवळून दिसते, दिसू द्या.

मामूंना ते दार दाखवायला गाडी त्यांच्या अंगणात नेली. त्यांनी चष्मा लावला, नव्या रंगाकडे ओझरते पाहिले, मग खाली वाकायचा प्रयत्न केला. वाकता येईना. तेव्हा मलाच म्हणाले, "खालची भोकं उघडी आहेत का, बघ." मी बसून पाहिले. एक बुजले होते.